दहा करंजी, तीन नाना: भोर रस्त्यावरच्या देशी झाडांच्या नर्सरीचा अनुभव

मी नर्सरीवाल्या दादांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली पहिली ऑर्डर अशी गेली, "दादा नमस्कार, १० करंजी, ३ नाना, २ पगार, १ वादळ आणि २ आपटून नीट पॅक करून ठेवा, शनिवारी येते." मी लिहिलं होतं करंज, नाणा, पांगारा, वावळ आणि आपटा. फोनवर मी इंग्रजी अक्षरं दाबते आणि तो त्याचं मराठी करतो, आणि त्याला बिचाऱ्याला आमच्या घरातले शब्द माहिती, करंजी माहिती, पगार माहिती, वावळ कुठून माहिती असणार. मेसेज गेला, दोन निळ्या टिका आल्या, मग मी परत वाचला आणि डोक्याला हात लावला.

पाच मिनिटांत उत्तर आलं. "ताई, करंज्या दिवाळीत मिळतील, घरच्या चांगल्या असतात. नाना एकच आहेत, माझे वडील, साडेपाच फूट, ते देता येणार नाहीत. वादळ मागच्या आठवड्यात येऊन गेलं, शेडनेट घेऊन गेलं. रोपं आम्ही आपटत नाही, हळू ठेवतो. तुम्हाला करंज, नाणा, पांगारा, वावळ आणि आपटा पाहिजेत ना? सगळं आहे, या."

मी आणि नवरा पोट धरून हसलो. पण हसून झाल्यावर माझ्या मनात आलं की पाच चुकलेल्या शब्दांमागची पाचही झाडं ज्या माणसाला न विचारता कळली त्याला झाडं खरंच माहिती आहेत. पुण्याच्या आसपास देशी झाडांच्या नावाखाली काय काय विकतात ते मी बघितलंय, एका ठिकाणी मला आपटा म्हणून चक्क कांचन देत होते, पानाचा आकार सारखा आहे म्हणून. आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला जास्त, कांचनाचं चांगलं मोठं, एकदा दोन्ही शेजारी धरून बघितली की परत कधी चूक होत नाही, आणि दसऱ्याला त्यातला फरक न कळल्यामुळे दोन्ही झाडं ओरबाडली जातात ते वेगळंच.

नर्सरीचं नाव लिहीत नाही. त्यांनीच तसं सांगितलंय, बाप-लेक आणि दोन बायका एवढीच माणसं आहेत, रोपं मोजकी आहेत, एकदम गर्दी झाली तर झेपणार नाही म्हणाले. पुण्याहून भोरकडे जाताना विचारत गेलात तर सापडेल.

आता आमचं प्रकरण काय ते सांगते म्हणजे पुढचं कळेल. भोरच्या पुढे आमची ११ गुंठे जागा आहे, आठ वर्षांपूर्वी घेतली. आधीच्या मालकाने कुंपणाला सगळीकडे उंदीरमारी लावलेली, म्हणजे गिरिपुष्प, ग्लिरिसिडिया, एका कोपऱ्यात घाणेरीचं म्हणजे लँटानाचं रान, सात-आठ सुबाभळी, एक जुना गुलमोहर आणि एक चिंच. मी त्या दिवसांत देशी झाडांवर इतकं वाचलं होतं की मला त्या जागेत गेल्यावर रागच यायचा. सगळी बाहेरची झाडं, सगळी काढून टाकायची, जेसीबी बोलवायचा आणि एका दमात साफ करायचं असं माझं ठरलं होतं. जेसीबीवाल्याशी बोलणंही झालं होतं. नर्सरीत मी गेले ती रोपं घ्यायला, आणि जेसीबी रद्द करून परत आले.

शनिवारी सकाळी पोचलो. रस्त्यापासून आत कच्चा रस्ता आहे, शेवटचा भाग खराब आहे, छोटी गाडी खाली लागते, त्यामुळे गाडी बाहेर लावून चालत जाणं बरं. आत शेडनेटखाली काळ्या पिशव्यांच्या रांगा, आणि प्रत्येक रांगेच्या टोकाला तेलाच्या डब्याचा पत्रा कापून केलेली पाटी. मला सगळ्यात आवडलं काय तर या पाट्या. पांढऱ्या ऑइलपेंटने हाताने लिहिलेल्या, प्रत्येकीवर चार ओळी. वर नाव. खाली मूळ कुठलं. मग साधारण किती वर्षांनी फुलेल. आणि शेवटची ओळ, कोण येतं. पांगाऱ्याच्या पाटीवर लिहिलं होतं, 'पांगारा, इथलाच, ४ ते ५ वर्षं, साळुंकी, कोतवाल, सूर्यपक्षी'. बेलाच्या पाटीवर 'राणी पाकोळी अंडी घालते, पानं कुरतडलेली दिसली तर औषध मारू नका'. राणी पाकोळी म्हणजे ब्लू मॉरमॉन, आपलं राज्य फुलपाखरू. ताम्हणाच्या पाटीवर 'राज्य फूल, १ मेला फुललेलं असतं'. मी त्या पाट्याच वाचत अर्धा तास फिरले, नवरा तोपर्यंत चहा पिऊन आला.

मग एक वेगळी रांग लागली आणि माझं डोकं फिरलं. 'गुलमोहर, मादागास्कर'. 'चिंच, आफ्रिका'. 'सीताफळ, अमेरिका'. 'पेरू, अमेरिका'. देशी झाडांची नर्सरी म्हणवता आणि ही झाडं विकता? मी तिथल्या तिथे विचारलं, आवाजही जरा चढला असेल माझा. शेवग्याच्या सावलीत खुर्ची टाकून एक म्हातारे गृहस्थ पिशव्या भरत बसले होते, साडेपाच फूट, म्हणजे हेच ते नाना. त्यांनी मान वर न करता विचारलं, "ताई, आमटीत चिंच घालता का?" घालते म्हटलं. "मग?" म्हणाले. एवढंच.

पण नंतर ते सविस्तर बोलले आणि ते बोलणं मला इथे लिहायचंय, कारण रोपं चांगली मिळणारी नर्सरी दुसरीकडे पण मिळेल, हे बोलणारा माणूस मिळणार नाही. नानांचं म्हणणं असं की बाहेरून आलेल्या झाडात तीन जाती. एक येतं आणि लावू तिथेच राहतं, गुलमोहरासारखं, तुम्ही लावलं तर आहे, नाही लावलं तर तो काही डोंगर चढून जात नाही. दुसरं येतं आणि घरचंच होऊन जातं, चिंच तशी, इतकी जुनी की तिच्यावर आपले पक्षी, आपल्या म्हणी, आपली भुतंसुद्धा राहतात. आणि तिसरं येतं ते घर बळकावतं. घाणेरी, रानमोडी, सुबाभूळ, जलपर्णी, गाजर गवत. कुणी न लावता पसरतं, खाली दुसरं काही उगवू देत नाही. नाना म्हणाले की मी तिसऱ्याशी भांडतो, पहिल्या दोघांशी कशाला भांडू, माझ्याकडे तेवढा वेळ नाही. झाड कुठून आलं हे पाटीवर लिहायचं, पण त्यावरून त्याला शिक्षा द्यायची नाही, ते आल्यावर काय करतंय ते बघायचं.

हे मला इतकं पटलं, कारण मी नेमकं उलटं करत होते. मी फक्त जन्मगाव विचारत होते.

त्या दिवशी चतुर्थी होती. दादांच्या घरच्यांनी साबुदाण्याची खिचडी दिली, गरम, वर लिंबू. नानांनी वाटी हातात धरली आणि एकेक दाखवायला लागले. हा साबुदाणा, कसावाच्या कंदाचा, कसावा दक्षिण अमेरिकेतला. हा बटाटा, तिथलाच. हे शेंगदाणे, तिथलेच. ही मिरची, ती पण. सगळा माल त्या अमेरिका खंडांतला, पोर्तुगीज आणि बाकीच्या गोऱ्या लोकांच्या जहाजांतून आलेला, आणि आपण तो खातो कधी तर उपासाला, जेव्हा बाकी सगळं चालत नाही तेव्हा. "दसऱ्याला तोरण कशाचं लावता? झेंडूचं. झेंडू मेक्सिकोचा." मी वाटी तशीच धरून बसले होते, खिचडी गार झाली. मला हे सुटं सुटं माहिती होतं, पण एका वाटीत एकत्र कुणी दाखवलं नव्हतं.

आणि हे सांगून नाना बाहेरचं सगळंच चालतं असंही म्हणत नव्हते, हे महत्त्वाचं. आम्ही तिथे असतानाच एक जोडपं आलं, फार्महाऊससाठी कॉसमॉसचं बी पाहिजे म्हणून, ते पिवळं-केशरी फूल, पुण्याच्या टेकड्यांवर पावसाळा संपताना पसरतं आणि लोक फोटो काढायला जातात ते. दादांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. त्यांनी जास्त पैसे देऊ केले तरी नाही. कॉसमॉसचं बी एकदा पडलं की पुढच्या वर्षी आपोआप दुप्पट उगवतं आणि सोनकीसारख्या आपल्या रानफुलांना जागाच उरत नाही, हे त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं, आणि त्याऐवजी कोरांटी आणि अबोली दाखवली. ती बाई जरा नाराज दिसली पण कोरांटी घेऊन गेली. आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार मी फार कमी बघितलाय.

नर्सरीच्या बांधाला गाजर गवत होतं, तेच ते काँग्रेस गवत, आपल्या देशात त्याची नोंद पहिल्यांदा झाली ती पुण्यात, १९५५-५६ च्या सुमाराला, आयात गव्हाबरोबर आलं असं मानतात. मी म्हटलं तुमच्याकडेच आहे की. नानांनी एक झुडूप वाकवून पान उलटं केलं आणि मला जवळ बोलावलं. पानावर एक भुंगा होता, हरभऱ्याच्या दाण्याहून थोडा लहान, पाठ पांढुरकी पिवळी आणि तिच्यावर गर्द तपकिरी उभे नागमोडी पट्टे, कुणीतरी बारीक कुंचल्याने काढल्यासारखे. शेजारची पानं चाळणी झालेली. हा मेक्सिकन भुंगा, ऐंशीच्या दशकात मुद्दाम आणला, आधी तपासला की हा आपली पिकं तर खाणार नाही ना, आणि मग बंगळूरकडे सोडला, आता सगळीकडे दिसतो. पावसाळ्यात गाजर गवताचा चांगला फडशा पाडतो. म्हणजे हाही बाहेरचाच. नाना म्हणाले हा आमच्याकडे बिनपगारी आहे, म्हणून एवढं गवत त्याच्यासाठी ठेवलंय, बाकीचं फुलायच्या आधी उपटतो.

आता त्यांची जागा बघायला येण्याची सेवा. ८०० रुपये घेतात, पेट्रोल धरून, आणि २५ च्या वर रोपं घेतली तर ते पैसे बिलातून वजा करतात. दादा आणि नाना दोघंही आले. दोन तास फिरले. पहिल्यांदा काहीच बोलले नाहीत, नुसतं बघत होते. मग गुलमोहराखाली थांबले. मी म्हटलं हा काढायचाय. नानांनी विचारलं की याची पोरं कुठे दिसतात का आजूबाजूला. नव्हती. "याच्या सावलीत तुम्ही गाडी लावलीये," म्हणाले. राहिला गुलमोहर.

उंदीरमारीबद्दल माझा राग सगळ्यात मोठा होता. टेकड्यांवर आणि सामाजिक वनीकरणात हिचीच लागवड, मध्य अमेरिकेतलं झाड, फांदी रोवली तरी जगतं, म्हणून सगळ्यांनी लावलं. दादा म्हणाले एकदम काढलीत तर तुमची जमीन उघडी पडेल आणि पहिल्या पावसात माती वाहून जाईल, आणि उघड्या जमिनीवर सगळ्यात आधी कोण येईल तर घाणेरी आणि रानमोडी. त्यापेक्षा तिला कामाला लावा. ही शेंगवर्गातली, जमिनीत नत्र धरते, पाला उत्तम खत. आत्ता तिच्या विरळ सावलीत आपली रोपं लावा, दरवर्षी पावसाच्या सुरुवातीला तिच्या फांद्या छाटून त्याच रोपांच्या बुडाशी पसरा, रोपं डोक्यावर गेली की मग एकेक करून तिला बाजूला करा. आणि खालून उगवलेली तिची पिल्लं मात्र दर पावसाळ्यात माती ओली असताना उपटायची, त्यात दयामाया नाही.

सुबाभळीला त्यांनी सूट दिली नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकात चाऱ्यासाठी हिचं केवढं कौतुक झालं होतं, पण तिच्या पाल्यात मायमोसीन नावाचं विषारी द्रव्य असतं, जनावराने जास्त खाल्ला तर केस गळतात, घोड्याची आयाळ जाते, आणि शेंगा इतक्या की एका झाडाखाली दोन वर्षांत जंगल होतं. जगातल्या शंभर वाईट घुसखोर जातींची जी यादी आहे तिच्यात सुबाभूळ आहे, घाणेरी आहे, रानमोडी आणि जलपर्णी पण आहेत. सुबाभूळ काढायची, पण शेंगा धरायच्या आधी. तोडायच्या आधी परवानगीचं विचारून घ्या हे पण त्यांनीच सांगितलं, झाड परदेशी असलं तरी शहर हद्दीत झाडं जपण्याचा १९७५ चा कायदा लागतो आणि बाहेरही आपल्या मनाने कुऱ्हाड चालवायची नाही.

घाणेरीसाठी त्यांनी स्वतः कुदळ घेऊन दाखवलं. वरून छाटली तर दुप्पट फुटते. बुडाशी जिथून फुटवे येतात तो गड्डा असतो, त्याच्या खाली मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून, मुळं वर करून ठेवायचं, म्हणजे ते परत मातीला धरत नाही. पण सगळी एका दिवसात नाही. तिच्यात बुलबुल घरटी करतात, तिच्या फुलांवर आपलीच फुलपाखरं येतात, त्यांनी उद्या कुठे जायचं? एक पट्टा काढायचा, तिथे करवंद, तोरण, धायटी ही आपली झुडपं लावायची, ती धरली की पुढचा पट्टा. आम्ही तीन वर्षांचं वेळापत्रक केलं.

याच्यावरून एक सांगते. मी हे सगळं घरच्या ग्रुपवर लिहीत असते आणि माझा मावसभाऊ कॅनबेराला असतो. त्याने त्याच सुमाराला ग्रुपवर लिहिलं, "आज आमच्या शेजाऱ्याने मागच्या अंगणात दोन साळुंखे पिंजऱ्यात पकडले, मला फार वाईट वाटलं." मावशीने ताबडतोब विचारलं कुठले साळुंखे, कराडचे का, आणि त्यांना का पकडलं, तू पोलिसांना फोन केलास का. काकाने लिहिलं की वकिलातीला कळवा. मेसेजवर मेसेज पडत होते आणि हा ऑफिसच्या मीटिंगमध्ये. दीड तासाने त्याने सांगितलं की साळुंकी रे, पक्षी, फोनने साळुंखे केलं. सगळे सुटकेचा श्वास टाकून हसले, मावशी अजून आठवण काढते.

पण हसून झाल्यावर तो जे म्हणाला ते मला लागलं. आपली साळुंकी तिथे १८६० च्या दशकात मेलबर्नला आणून सोडली, भाज्यांवरच्या किडी खाईल म्हणून, आणि ती झाडांच्या ढोलीत तिथल्या पोपटांना जागा देईना. म्हणून लोक परसात पिंजरे लावतात आणि पकडून मारतात. त्या शंभराच्या यादीत सुबाभळीच्या बरोबरीने आपली साळुंकी आहे, आपला लालबुड्या बुलबुल आहे, आपलं मुंगूससुद्धा आहे, ते १८७२ मध्ये कलकत्त्याहून जमैकाला नेलं, उसातले उंदीर मारायला, आणि त्याने तिथले बाकीचे प्राणी पण संपवायला सुरुवात केली. आपला कावळा केनियाच्या किनाऱ्यावर इतका झाला की २०२४ मध्ये तिथल्या सरकारने दहा लाख कावळे मारायचं जाहीर केलं. भाऊ म्हणाला की त्या पिंजऱ्यात साळुंकी अगदी आपल्या गॅलरीतल्यासारखीच ओरडत होती, आणि शेजारी तिला इंडियन इंडियन म्हणत होता. शेजारी वाईट माणूस नाही, त्याचे पोपट खरंच कमी होतायत. पण ते नाव ऐकताना याला कसं वाटलं असेल ते मला समजलं. तेव्हापासून मी झाडांबद्दल बोलताना 'परदेशी झाडं हाकला' असं म्हणत नाही. घाणेरी काढायची आहे तर घाणेरी काढायची आहे एवढंच म्हणते. जिवाला हाकलताना त्याच्यावर राग धरायची गरज नसते, त्याला कुणीतरी माणसानेच उचलून आणलेलं असतं.

आणि घाणेरीबद्दलही जपून लिहावं लागतं हे अनुभवाने सांगते. आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर मी लिहिलं, "बी विंगच्या जिन्यापाशी असलेली घाणेरी रविवारी काढून टाकूया, सगळ्यांनी हातभार लावा." गेलं काय, तर "घाणेरडी". बी विंगच्या जिन्यापाशी रोज संध्याकाळी तीन काकू खुर्च्या टाकून बसतात. मी लगेच माफी मागितली, फोटो टाकला, झुडपाला बाण काढून दाखवला. रविवारी सगळ्यात आधी खाली आल्या त्या त्याच तीन काकू, हातात खुरपी घेऊन, आणि येताना म्हणतायत, चला घाणेरड्या आल्या. इतकं छान काम झालं त्या दिवशी, नर्सरीतून आणलेली चार करवंदं तिथे लावली आणि त्यांना पाणी त्या काकूच घालतात.

आता दर आणि तक्रारी. छोट्या पिशवीतलं दीड-दोन फुटी रोप मला ४० ते ६० रुपयांना मिळालं, मोठ्या पिशवीतलं पाच फुटी २५० पर्यंत. मोठं घेऊ नका असं ते स्वतःच सांगतात, छोटं लवकर धरतं आणि दोन पावसाळ्यात मोठ्याला गाठतं, ते खरं निघालं. करंज, आपटा, पांगारा, बहावा, ताम्हण, नाणा, वावळ, शिवण, काटेसावर, पळस हे बहुतेक वेळा असतं. मुरुडशेंग आणि पांढरा कुडा सांगून ठेवावा लागतो.

तक्रार एक, फोन उचलत नाहीत. सकाळी नऊच्या आधी नाहीतर संध्याकाळी सहानंतर, मधे केला तर वाजत राहतो. मेसेजला मात्र उत्तर देतात. दोन, माझ्या ३४ रोपांपैकी दोनांची मुळं पिशवीत गोल गोल गुंडाळली होती, म्हणजे ती फार दिवस पिशवीत पडून होती, ती पुढे धरली नाहीत, विकायच्या आधी त्यांनी बघायला हवी होती. सांगितल्यावर बदलून दिली, वाद घातला नाही, पण भोरपर्यंत परत जाण्यात माझा एक रविवार गेला. तीन, शिवण म्हणून घेतलेलं एक रोप मोठं झाल्यावर वेगळंच निघालं. नानांनी फोटो बघून लगेच कबूल केलं की बी गोळा करताना आमचीच चूक झाली. चार, घरपोच देत नाहीत, टेम्पो आपला आपण करायचा, तिथल्या टेम्पोवाल्याने आमच्याकडून बरेच पैसे घेतले आणि रोपं आडवी टाकून आणली, दोनाचे शेंडे मोडले. हे दादांनी टेम्पोवाल्याला नीट सांगितलं असतं तर टळलं असतं. आणि बायकांसाठी तिथे स्वच्छतागृहाची सोय नाही, त्यांच्या घरात जाऊ देतात पण संकोच होतो.

तरी मी पाचपैकी साडेचार देते. अर्धा गुण मुळांसाठी कापला.

आज तिसरा पावसाळा आहे. उंदीरमारीची पहिली रांग आम्ही मागच्या महिन्यात काढली, तिच्या जागी करंज डोक्याच्या वर गेलेत. घाणेरीचा शेवटचा पट्टा उरलाय, त्यात बुलबुलाचं घरटं आहे म्हणून दिवाळीनंतर. सुबाभळी गेल्या, पण पिल्लं अजून निघतात, मागच्या शनिवारी एकट्या चिंचेखाली साठ उपटली. गुलमोहर आहे तिथे आहे.

आणि माझ्या फोनने एवढ्या दिवसांत सगळी झाडं शिकून घेतली आहेत. गेल्या आठवड्यात कळलं की नानांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, मी काळजीने लगेच दादांना लिहिलं, "दादा, नाणा कसे आहेत आता? उभे राहतात का?" उत्तर आलं, "ताई, नाणा तर तुमच्याकडे आहेत, तुम्हीच सांगा. नाना बरे आहेत, काल काठी घेऊन शेडपर्यंत चालले." मी तशीच बाहेर गेले, पाऊस थांबला होता, तिन्ही नाण्यांचा फोटो काढला, कोवळी तांबूस पालवी आली आहे, मधला माझ्या खांद्याला लागतो, आणि तो पाठवला. दादांनी कळवलं की नानांनी फोटो मोठा करून बघितला आणि विचारलं, मधल्याच्या बुडाशी एक सुबाभळीचं पिल्लू दिसतंय, ते अजून तिथे काय करतंय.